अण्णांच्या दंडातला बेडूक

चहा गॅसवर ठेवलाय, तोवर तुम्हाला सांगूनच टाकते.

माझे वडील, अण्णा, चिंचोळी एमआयडीसीत हमाली करायचे. जन्मभर पोती उचलली. दिवाळीनंतर पॅरालिसिसचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. फिजिओथेरपीचे डॉक्टर घरी येतात. आजही ते म्हणाले, "काका, मसल जागा करायचाय, जोर लावा की." अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टर गेल्यावर मी त्यांच्याशेजारी बसले. मी शाळेत इंग्रजी शिकवते. काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, "अण्णा, मसल म्हणजे मुळात छोटा उंदीर. जुन्या रोमन लोकांना म्हणे दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा वाटायचा. त्यावरून हा शब्द आला."

अण्णा कितीतरी दिवसांनी हसले. "उंदीर? आपल्यात बेडूक असतोय की! बेडकुळी म्हनत्यात ती काय उगंच?"

लहानपणी आम्ही बहिणी त्याच दंडाला लोंबकळायचो. "बेडूक दाखवा" म्हटलं की अण्णा मूठ आवळायचे आणि दंडात टुणकन गोळा उठायचा.

"मग दाखवा की," मी म्हटलं.

अण्णांनी डोळे मिटून दात आवळले. मूठ काही वळली नाही. पण दंडावर ठेवलेल्या माझ्या तळव्याखाली बारीकसं काहीतरी हललं.

"उडाला का गं?"

"न्हाय अण्णा. पण जागा झालाय."

तुमच्या वडिलांच्या दंडातला बेडूक तुम्ही शेवटचा कधी बघितला होता?