एकशे बारा घरांची बायनाबाई

बायनाबाईकडे कोणी काम घेऊन आलं की ती आधी विचारायची, "किती बाया लागतील?" खुरपणी असो की कापसाची वेचणी, बोरखेडीतल्या बायकांची टोळी तीच जमवायची. ताडकळसपासून दीड कोसावरच्या या गावात कोणाला कधी बोलवावं, कोणाचं लेकरू अंगावरचं आहे, कोणाच्या घरात आज चूल पेटली नाही, हे तिला न विचारता कळायचं.

म्हणून १९७६ सालच्या दिवाळीनंतर परभणीची एक मुलगी गावातल्या भीमनगरात तिच्या दारी आली आणि "मावशी, काम आहे" म्हणाली, तेव्हाही बायनाबाईनं तेच विचारलं.

"एकच बाई लागंल," ती मुलगी म्हणाली. "तुमीच."

मुलीचं नाव सत्यशीला. वडील परभणीच्या कचेरीत कारकून. ती औरंगाबादच्या विद्यापीठात डॉक्टरकीचा अभ्यास करत होती, पण सुई-औषधाची डॉक्टरकी नव्हे. शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या, त्यानं खेड्यातली गरिबी खरंच हटली का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी दिल्लीच्या एका संस्थेनं तिला शिष्यवृत्ती दिली होती. पहिलं वर्ष पक्कं होतं. दुसरं वर्ष काम तपासून मिळणार होतं. मदतीला एक माणूस ठेवण्याची तरतूदही त्यात होती.

त्याआधी सत्यशीला सोसायटीच्या कारकुनाला बरोबर घेऊन फिरली होती. आठ दिवसांत तीस घरं झाली आणि तिसांतल्या तिसांनी सांगितलं की आमचं सगळं छान चाललंय. भीमनगरात आल्यावर तिनं ती उत्तरं वाचून दाखवली, तेव्हा बायनाबाई पदराआड हसली होती. "ताई, सोसायटीचा माणूस दारात उभा असल्यावर दुसरं काय सांगतील लोक? ह्यो कागद कोरा राह्यला असता तर बरं झालं असतं." त्या हसण्यामुळेच सत्यशीला दुसऱ्या दिवशी हे काम घेऊन परत आली होती.

दोघी निघाल्या. छापील फॉर्मवर पहिला प्रश्न होता, वार्षिक उत्पन्न किती. दगडाबाई नावाच्या विधवेच्या ओट्यावर सत्यशीलानं तो तीनदा विचारला. दगडाबाईला त्या शब्दांचा अर्थच लागेना. तेव्हा बायनाबाई तिच्याजवळ सरकली.

"दगडे, तुझी भाकर कोण्या महिन्यात पातळ व्हायला लागती?"

"आखाडात," दगडाबाई लगेच म्हणाली. "श्रावणात तर अशी, की पल्याडचं दिसंल." आणि मग ती बोलतच सुटली. ज्वारी कधी संपते, मीठ कोणाकडून आणावं लागतं, सोसायटीचं खत तिच्या दीड एकरापर्यंत का पोचत नाही, सगळं. सत्यशीलाची पेन्सिल पुरेना. त्या रात्री तिनं फॉर्मच्या कोपऱ्यात एक नवा रकाना आखला: भाकर पातळ होण्याचे महिने.

पौष संपेपर्यंत दोघींनी एकशे बारा घरं पालथी घातली. बायनाबाई घरात नसायची, म्हणून तिचा नवरा मुंजाजी भाकरी थापायला शिकला. त्याच्या पहिल्या भाकरींचे आकार पाहून लेकी हसून हसून बेजार झाल्या. एक तर म्हणे थेट बैलाच्या तोंडासारखी होती. मुंजाजीही हसला, पण त्यानं थापणं सोडलं नाही.

मग विद्यापीठातून पत्र आलं. मदतनीस निदान मॅट्रिक झालेला असावा, नाहीतर त्याचा पगार मंजूर होणार नाही. शिवाय कामाची खातरजमा करायला एक सर माघात गावी येतील आणि त्यांच्या शेऱ्यावर दुसरं वर्ष ठरेल. बायनाबाईला तर अक्षरओळखही नव्हती. सत्यशीला हिरमुसली. बायनाबाईनं तिला सांगितलं की मोबदला येवो न येवो, हाती घेतलेलं काम पुरं करूनच ती उठेल. मात्र सरांसमोर आपल्याला बोलता येईल की नाही, ही धास्ती तिनं कोणाला सांगितली नाही.

सर जीपमधून आले. जाड भिंगांचा चष्मा, मोजकं बोलणं. सोसायटीचे चेअरमन किशनराव यांनी कचेरीत खुर्च्या मांडल्या होत्या, चहा तयार ठेवला होता. बायनाबाई दाराशी उभी राहिली. सरांनी तिला आत बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या कचेरीत ती पहिल्यांदाच बसत होती. सरांनी गठ्ठ्यातून एक फॉर्म ओढला आणि नावावर हात ठेवला.

"सत्तेचाळीस नंबरचं घर कोणाचं?"

"नंबर मला मालूम न्हाई साहेब. घर कोण्या अंगाला हाय, ते सांगा."

"मारुतीच्या देवळामागं. दारात लिंब."

"सुलाबाईचं," बायनाबाई म्हणाली, आणि तिची धास्ती कुठल्या कुठे गेली. सुलाबाईची दोन एकर जमीन, त्यातली निम्मी खडकाळ. बैल एकच, दुसरा पेरणीपुरता दिराचा. ज्वारी जेठापर्यंत पुरते. सोसायटीचं कर्ज एकदाच मिळालं, तेही पेरणी उरकल्यावर. ती सांगत गेली, सरांचं बोट ओळीवरून सरकत गेलं. मध्येच ते थांबलं.

"इथं घरात पाच माणसं लिहिली आहेत. तुम्ही सहा सांगता."

सत्यशीला फॉर्म बघायला पुढं वाकली.

"कागद पौषातला हाय साहेब," बायनाबाई म्हणाली. "सुलाबाईला परवा नात झाली."

किशनरावांना हसू आवरेना. सरांनी पेन खाली ठेवला, चष्मा काढून पुसला आणि आपल्याला ती नात बघता येईल का, असं विचारलं. सगळी मंडळी सुलाबाईकडे गेली. सरांनी बाळाच्या मुठीत रुपया ठेवला, ओट्यावर बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि आणखी दहा घरांची चौकशी बायनाबाईकडे तिथंच केली. जाताना त्यांनी सत्यशीलाला सांगितलं की मॅट्रिकची अट का काढावी, ते मी स्वतः लिहीन.

चैत्रात पत्र आलं. दुसरं वर्ष मंजूर, आणि क्षेत्र-सहायक म्हणून श्रीमती बायनाबाई मुंजाजी खंदारे. आपलं नाव श्रीमतीसकट छापलेलं तिनं तीनदा वाचायला लावलं. मुंजाजीनं चौथ्यांदा.

पुढच्या वर्षी दोघी एस.टी.नं जिंतूर आणि सेलूकडच्या गावांत फिरल्या. सेलूला बायनाबाईनं जिनिंग पाहिली. जन्मभर वेचलेला कापूस पुढं कुठं जातो, हे तिला त्या दिवशी दिसलं. सरकी एकीकडे, रुई एकीकडे. केसांवर उडालेला कापूस तिनं परत येईपर्यंत झटकला नाही. मुक्कामावरच्या बायका कशाला आलात असं विचारायच्या तेव्हा ती ऐटीत सांगायची की आम्ही अभ्यास करायलाव.

असंच एकदा एस.टी.त बसलेली असताना तिनं विचारलं, "ताई, आपुन घरोघर इचारतो, तुमी सोसायटीत का न्हाई म्हणून. सगळे म्हणतात, जमीन न्हाई. पण बिनजमिनीच्या माणसाला घ्यायचं न्हाई, असं कुठं लिवलंय का?"

सत्यशीलानं पिशवीतून बोरखेडीच्या सोसायटीचे नियम काढले आणि हलत्या गाडीत ओळ न् ओळ वाचली. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. उलट गावातले मजूर आणि कारागीर सभासद होऊ शकतात, असं एक कलम होतं. आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात बायनाबाई अकरा बायका घेऊन किशनरावांकडे गेली. त्यांनी कलम वाचलं, पुन्हा वाचलं. हे आपल्या वाचण्यातच आलं नव्हतं, असं त्यांनी सरळ कबूल केलं. कार्यकारिणीतल्या काहींनी कुरकूर केली, तेव्हा वार्षिक सभेत किशनरावांनी उभं राहून ते कलम मोठ्यानं वाचलं. हात वर झाले. बारा बायका सभासद झाल्या आणि वर्षभरात सोसायटीच्या कर्जातून भीमनगरात शेळ्या आल्या.

१९७९च्या थंडीत सत्यशीलाची शेवटची तोंडी परीक्षा औरंगाबादला ठरली. तिनं बायनाबाईला येण्याचं निमंत्रण धाडलं. उत्तर थोरल्या लेकीच्या अक्षरात आलं: "जयभीम. शेळी दोन दिवसांत व्यायची हाय, मला येता येत न्हाई. तिथं कोणी काई इचारलं आन् तुमचं आडलं, तर बोरखेडीला या म्हणावं."

कुठं अडलं नाही. आठ दिवसांनी डॉक्टर सत्यशीला स्वतःच पेढे घेऊन आली, तेव्हा अंगणात तीन करडं उड्या मारत होती आणि बायनाबाई त्यांतल्या सगळ्यात दांडगटाच्या मागं धावत होती.