माझी भिकार शिट्टी

माझ्या शेजारच्या पठ्ठ्याला वरकुट्याच्या माळावरचा तितर ओ देतो, मला देत नाही. पठ्ठ्याची शिकार कधीच सुटली, पण तितराची हाक काढणाऱ्या बांबूच्या शिट्टीचे लाड सुटले नाहीत. वाजवून झाली की आतली थुंकी कोंबडीच्या पिसानं काढणार, सावलीत वाळवणार, मगच खिशात घालणार. बघून माझा तिळपापड होतो.

“माझी शिट्टीच भिकार,” असं मी गावभर सांगायचो. एकदा ती साबणाच्या पाण्यात बुडवली, तर आवाजच बसला. त्यानं ती नेली, पुसून, वाळवून आणली आणि माझ्यासमोर फुंकली. बाभळीखालून लगेच ओ आली.

“आबा, उगंच नावं ठिवता. झ्याक हाय की शिट्टी!”

बेट्यानं माझी एकुलती एक सबबही काढून घेतली.