हळद लावलेली छडी

आमचे नायना, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी माझे तळहात तपासायचे. जिनिंगच्या कारखान्यातून आले की केसांतला कापूस झटकायचे, हात धुवायचे आणि उजेड असतानाच मला अंगणात हाक मारायचे. मी दोन्ही हात पुढे करायची. हात कोरे! त्यांचं तोंड उतरायचं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. एका दिवाळीनंतर आम्ही तेलंगणातलं गाव सोडून मराठी मुलखातल्या देवळीला आलो होतो. आमच्या घराण्यात एक पद्धत होती. पोर शाळेत घातलं की बापानं गुरुजींना नारळ द्यायचा आणि सोबत हळद लावलेली नवी कोरी छडी. नायनांना त्यांच्या गुरुजींनी भरपूर बडवलं होतं आणि ते हे मोठ्या अभिमानानं सांगायचे. गुरुजी आपलं मानतात म्हणून मारतात, ही त्यांची पक्की समजूत.

देवळीच्या गुरुजींनी नारळ फोडून सगळ्या वर्गात वाटला. छडी कपाटावर ठेवली, ती तिथंच राहिली.

आणि मी? मी तर हवेतच होते! दोन महिन्यांत मराठी बोलायला लागले, पाढे सगळ्यांच्या आधी म्हणून दाखवायची, घंटा व्हायच्या आत शाळेत हजर. नायनांना यातलं काही पटेना. बाहेरची पोर म्हणून मास्तर हिला हात लावत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. संक्रांत झाली की मला गावी आजोबांकडे, नायनांना बडवणाऱ्या त्याच गुरुजींच्या शाळेत धाडायचं. अम्मानं पत्र्याची ट्रंक काढून माझे कपडे भरायला घेतले.

मग मी मार खायचा चंगच बांधला. भर वर्गात दौत सांडली. गुरुजींनी फडकं आणलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून फरशी पुसली. असा राग आला मला त्या भल्या माणसाचा!

घरामागे जळणाला ठेवलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्यातली एक काडी ओढली, डोळे मिटले आणि डाव्या तळहातावर हाणली. पहिल्या दोन फटक्यांत काहीच उमटलं नाही. तिसऱ्याला मात्र सणसणीत लाल वळ उठला. दुखलं फार, पण मी तिथल्या तिथं नाचले.

संध्याकाळी नायनांनी तो वळ पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी अम्माला हाक मारली, तिनंही पाहिला. सकाळी रव्याचा शिरा झाला. नायनांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, धुतलेला सदरा चढवला आणि एका हातात डबा, दुसऱ्यात माझं मनगट धरून शाळेकडे निघाले. गुरुजींचे आभार मानायला! हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

भरल्या वर्गात नायना गुरुजींच्या पाया पडले. "मास्तर, आज ही पोरगी तुमची झाली," म्हणाले. गुरुजींना काही कळेना. नायनांनी माझी मूठ उघडून दाखवली. गुरुजींनी वळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी कपाटावरची छडी काढून नायनांच्या हातात दिली. तिच्यावर धूळ साचली होती. नायनांनी बोट फिरवलं, तर धुळीखाली हळद जशीच्या तशी होती.

"कोणी मारलं?" त्यांनी तेलुगूत विचारलं.

"मीच," मी म्हणाले आणि भोकाड पसरलं. "मले जायचं नाई! मले इथंच राह्यचं हाय!"

बापाला वऱ्हाडीत सांगत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. नायनांच्या आलं असावं. ते माझ्याकडे बघतच राहिले.

मी का जाणार, कुठं जाणार, हे गुरुजींनी नायनांना विचारून घेतलं. मग दुसऱ्या ओळीतल्या दोन वेण्यांच्या मुलीकडे बोट केलं. "भाऊ, ते माही पोरगी हाय. तिले मी कधी मारलं नाई. मंग हिले काऊन मारू?"

नायनांनी त्या मुलीचे हात पाहिले. खरंच पाहिले, जवळ जाऊन, माझे पाहायचे तसे. मग शिऱ्याचा डबा तिच्याच हातात ठेवला आणि जिनिंगला निघून गेले.

दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी नायनांनी अंगणात हाक मारली. सवयीनं मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी तळहातांकडे पाहिलंच नाही. ट्रंकेतले माझे कपडे आणून त्यांनी माझ्या हातांवर ठेवले, वळाला धक्का लागणार नाही असे जपून, आणि म्हणाले, "जा, अम्माला दे. परत खुंटीवर लाव म्हणावं."