त्याची शेवटची ओळ

तुम्ही काय करता असं कोणी विचारलं की मी 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' म्हणून मोकळा होतो. खरं सांगायला बसलो तर समोरचा जांभई देतो, हा अनुभव आहे. तरी सांगतो.

मी आणि माझा मित्र, आम्ही दोघांनी मिळून जावास्क्रिप्टमध्ये एक प्लगिन लिहिलं होतं. प्लगिन म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटला बाहेरून जोडायचा तयार तुकडा. आमचा तुकडा महिन्याचं कॅलेंडर दाखवायचा आणि प्रत्येक तारखेखाली त्या दिवसाची तिथी. हॉल बुक करणारे, देवळांचे ट्रस्ट, लग्नं जुळवणारे, कोणीही उचलावं आणि आपल्या साइटवर लावावं. फुकट. फुकट दिल्याचा परिणाम असा की लोक आभार मानत नाहीत, पण काही बिघडलं की घरच्या गड्याला झापावं तसं झापतात. 'अर्जंट आहे, आजच दुरुस्त करा' असं लिहिणाऱ्या माणसाला मी काय काय उत्तरं मनात दिली आहेत, ती इथे छापण्यासारखी नाहीत.

मित्र घणसोली गावातला. शेती सरकारने टाउनशिपसाठी घेतल्यावर त्याच्या वडिलांनी जुन्या घरावर मजले चढवले, खोल्या भाड्याने दिल्या, आणि सगळ्यात वरची खोली याला ठेवली. मी खांदेश्वरहून रविवारी सकाळी तिथे जायचो. समोरच्या इमारतीची भिंत इतकी जवळ की दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागे. कॅलेंडर दिसायला कसं असावं, कुठे बोट लावल्यावर काय उघडावं, हे मी लिहायचो. तिथी काढण्याचं गणित त्याचं. सूर्य, चंद्र, सूर्योदयाची वेळ, यातलं मला तेव्हा निम्मंही कळत नसे. आमचं एकमेकांशी जमलं नाही ते दोनच बाबतींत. ओळ आत सरकवायला तो टॅब मारायचा, मी स्पेस. बाहेरच्या माणसाला यात भांडण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. आम्ही यावरून दोन-दोन दिवस बोललो नाही, असंही झालंय.

दुसरं भांडण क्षय तिथीचं. कॅलेंडरात सूर्योदयाला जी तिथी असते ती त्या दिवसाची मानतात. पण एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होते आणि दुसऱ्या सूर्योदयाआधीच संपते. मग ती कुठल्याच दिवसाच्या वाट्याला येत नाही. कोणी नेमकी तीच तिथी शोधली, तर मित्राने तिथे एक वाक्य टाकून ठेवलं होतं : 'ही तिथी या वर्षी नाही.'

"अरे, लोक घाबरतील ना," मी म्हटलं होतं. "ज्या दिवशी सुरू होते तो दिवस दाखव."

"सूर्योदयाला नाय म्हणजे नाय. खोटं कशाला दाखवू?" तो म्हणाला. "टेन्शन नको घेऊ. नंतर बघू."

आमच्या धंद्यात 'नंतर बघू' म्हणून ठेवलेल्या गोष्टी माणसापेक्षा जास्त जगतात.

तो साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. कार्तिक वद्य षष्ठी. त्याचं लग्न व्हायचं होतं. मला फार राग आला होता, त्याच्यावरच. इतका हुशार माणूस, आणि अंगावर ताप काढत बसला. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

प्लगिन मी चालू ठेवलं. ते चालू ठेवणं म्हणजे बदलत राहणं. ब्राउझर बदलतात, जावास्क्रिप्ट लिहायची जुनी पद्धत मागे पडते, आणि आज ही ओळ, उद्या ती, असं करत घर आतून नवं होत जातं. कोडच्या प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कोणी बदलली त्याचं नाव पाहता येतं. या सोयीला आमच्यात 'ब्लेम' म्हणतात, म्हणजे चूक कोणाच्या गळ्यात घालायची ते शोधायला. मी ते उघडून त्याचं नाव बघत बसायचो. पहिल्या वर्षी पानभर नाव त्याचं होतं. मग जागोजागी माझं दिसायला लागलं. मी जितकी काळजी घेत होतो तितका तो कमी होत होता. जुन्या नोंदी खोदल्या तर तो तिथे सापडतो, पण तिथे जातं कोण? तिथीच्या गणिताला मात्र मी हात लावला नव्हता. ते पूर्ण त्याचं होतं, आणि मरेपर्यंत लावायचा नाही असं मी ठरवलं होतं.

यंदा दिवाळी झाल्यावर त्याच्या आईचा फोन आला. काकी वर्षश्राद्धाचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरात बघत नाहीत, भटजींनाही विचारत नाहीत. गावच्या देवळाच्या साइटवर आमचं प्लगिन आहे, तिथे मुलीला बघायला लावतात.

"माजे पोरानं बनवलाय, तोच सांगल," असं त्यांचं म्हणणं.

आधीच्या वर्षांत षष्ठी नीट आली होती. यंदा ती क्षय होती.

"अरे," काकी म्हणाल्या, "माजे पोराला यंदा तिथच नाय का?"

मागून मुलगी मोबाइलवरचं वाक्य पुन्हा वाचून दाखवत होती. त्याचं वाक्य, त्याच्याच आईला.

"आहे काकी," मी म्हटलं. "मोबाइलमध्ये चूक झालीय. मी बघतो."

तोंडी तारीख सांगून मोकळा झालो असतो. पण काकी परत त्यातच बघणार होत्या, आणि त्यात ते वाक्य येणार होतं. रविवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला. वाटलं होतं, कोपऱ्यात दोन ओळी घालून भागेल. भागलं नाही. त्याने सगळा हिशोब सूर्योदयाच्या एका क्षणावर उभा केला होता. तिथी सुरू कधी होते, संपते कधी, हे तो कुठे विचारतच नव्हता. ते विचारायचं तर पूर्ण गणित नव्याने लिहावं लागणार होतं. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. मी पंचांग शेजारी ठेवून एकेक ओळ पुसत, लिहीत गेलो. टॅब मारत लिहिलं. त्याचा उपयोग शून्य, पण स्पेस मारवेना.

संध्याकाळी षष्ठी उमटली. ब्लेम उघडलं. वरपासून खालपर्यंत माझं नाव.

एकच ओळ त्याची राहिली होती, 'ही तिथी या वर्षी नाही.' आता तिला कोणी बोलावत नव्हतं. प्रत्येक तिथीला दिवस मिळाल्यावर ते वाक्य कोणाला दिसणारच नव्हतं. असल्या निकामी ओळी काढून टाकायच्या, ही आमच्यातली साधी शिस्त. ऑफिसात दुसऱ्याने ठेवल्या तर मी चारचौघांत कान उपटतो. ती ओळ मी निवडली, पुसायच्या बटणावर बोट नेलं, आणि लॅपटॉप बंद केला.

श्राद्धाला मी घणसोलीला गेलो. काकींनी त्याला आवडायची म्हणून तांदळाची भाकरी केली होती. पान वाढून गच्चीवर ठेवलं. खाली भाडेकरूंची पोरं ओरडत होती. काकींनी हात पदराला पुसले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात त्या दिवसाच्या तारखेखाली षष्ठी लिहिलेली होती.

"बघ, दिली ना त्यानं तारीख," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "त्याचाच हाय ना रे अजून?"

"हो काकी," मी म्हटलं. "त्याचंच आहे."

ती ओळ मी ठेवली होती, म्हणून एवढं तरी मला म्हणता आलं.