माकणीला मी वारा आणला होता

आता काय सांगू तुम्हाला, तोंड कधी मिटावं हे मला उभ्या जन्मात कळलं नाही. त्या न कळण्याची सुरुवात कुठं झाली, ते आज सांगूनच टाकतो. हसा खुशाल, पण कपबशी सांभाळा!

लढाईची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती, आणि आमच्याकडं निजामाचं राज्य. मी मूळचा तामलवाडीचा. उर्दू बरी यायची, म्हणून माकणीच्या शाळेत मास्तर लागलो. वय वीस-एकवीस. डोक्यावर टोपी, अंगात पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्यात मावणार नाही एवढी ऐट!

गावात रेडिओ एकच, कलप्पा सावकारांच्या दुकानात. त्याच्यावर शाल पांघरलेली, पुढ्यात उदबत्ती. बॅटरी उतरली की बैलगाडीत घालून सोलापूरला न्यायची, भरून आणायची. त्यामुळं सावकार आम्हाला रेडिओ कसा ऐकवायचे? अहो, डोळ्यात औषध घालावं तसा, थेंब-थेंब! कान पिळला, दोन वाक्यं झाली, की टक्. बंद!

"बास. लढाई चालूच हाय. कळलं न्हवं?"

बातम्या उर्दूतनं यायच्या. सावकारांना कामापुरत्या कळायच्या, पण गावाला मी त्या समजावून सांगायचो. दोन वाक्यं ऐकून दहा सांगायचो, हे आपल्या आपल्यात ठेवा.

आता खरी गोष्ट. गुरप्पाआण्णा म्हणून गावातले एक शेतकरी. त्यांची मुलगी गौरा. मी तिला दोनदाच पाहिली होती, दोन्ही वेळा पाठमोरी, पण मला तेवढं पुरलं होतं. माझ्या वडिलांनी रीतसर शब्द टाकला. आण्णांनी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. म्हणाले, "पिवळीची रास घरात येऊ द्या, मग सुपारी फोडू. त्याच्या आधी काय बोलू नका."

पिवळी म्हणजे पिवळी ज्वारी. मळणी झाली होती, खळ्यात ढीग पडला होता. राहिली होती फक्त उपणणी. आणि उपणणीला काय लागतं? वारा! वावडीवर, म्हणजे तीन पायांच्या उंच घोडीवर उभं राहायचं, पाटीतनं धान्य सोडायचं. दाणा सरळ खाली पडतो, भुसा वारा घेऊन जातो.

पण तुळशीचं लग्न झालं आणि वारा जो पडला, तो पडलाच. आठ दिवस पान हलेना! माणसं खळ्यावर यायची, वर बघायची, तंबाखू मळायची, घरी जायची. ढीग कडब्यानं झाकून ठेवलेला. गावाला वारा हवा होता ज्वारीसाठी. मला कशासाठी हवा होता, ते तुम्हाला सांगायला नको.

मग मी रोज संध्याकाळी सावकारांच्या दुकानात. हवामानाचं सांगतात का बघू म्हणून.

एके दिवशी बॅटरी अगदीच धाप टाकत होती. सावकार म्हणाले, "आज बातम्या न्हाईत, मास्तर. हवामानाचं शेपूट तेवढं ऐकू."

कान पिळला. खरखर, खरखर... आणि मग स्पष्ट आवाज आला, उद्या दुपारनंतर मशरिक से, म्हणजे पूर्वेकडनं, तेज हवा सुटणार! बहुत तेज! टक्. बंद!

आणखी एक वाक्य ऐकावं असं मला वाटलं का? छे! मला हवं तेवढं ऐकून झालं होतं. मी तिथनं जो सुटलो, तो थेट गुरप्पाआण्णांच्या अंगणात.

"आण्णा! उद्या वारा येतोय! हैदराबादवरनं सांगितलंय!"

"नक्की?"

"लेखी देतो!"

"पर आभाळ जरा येगळं दिसायलंय, मास्तर. ढीग उघडावा का?"

"उघडा! पसरवून ठेवा! सकाळी दव सुकेल, दुपारी वारा येईल, दिवे लागायच्या आत रास घरात!"

आण्णा साठीचे. शेतात केस पिकलेले. आणि त्यांना मी, वीस वर्षांचा, शेती शिकवत होतो! पण रेडिओचं नाव निघाल्यावर म्हातारा उपणणाऱ्यांना सांगावा धाडायला उठला.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर जत्रा भरली. पाच उपणणारे आले, भावकी आली, पाट्या घेऊन बाया आल्या. गव्हाची हुग्गी शिजत होती, गूळ घातल्याचा वास सुटला होता. कडबा बाजूला सारून धान्य मोकळ्यावर पसरलं होतं. मी शाळेला सुट्टी देऊन मधोमध उभा. वारा जणू माझ्याच घरनं निघणार होता!

दुपार झाली. वारा नाही.

सगळे हुग्गी जेवले. वारा नाही.

एक म्हातारी विचारते, "मास्तर, वारा कुठवर आला असंल?"

मी म्हणालो, "आत्ता उमरग्यापाशी असेल, आजी."

"मग पायी निघालाय व्हय त्यो?"

सगळं खळं हसलं. बायांच्या घोळक्यातनं एक हसू जरा वेगळं आलं, आणि मी बघितलं तर गौरा! पहिल्यांदाच समोरनं दिसली. झालं, माझं भान सुटलं. मी टोपी सरळ केली आणि वावडीवर चढलो.

"द्या पाटी! सुरू केलं की येतो वारा!"

पाटी तिरकी केली. दाणा सरळ खाली पडला. भुसापण सरळ खाली पडला. आणि खाली कोण उभं होतं? गुरप्पाआण्णा! पटका, मिशा, भुवया, सगळं भुशानं भरलं. त्यांनी डोळे पुसले आणि एवढंच म्हणाले, "खाली या, मास्तर. पडाल."

तेवढ्यात कलप्पा सावकार धोतराचा सोगा सावरत पळत आले. हा माणूस पळू शकतो, हे गावाला त्या दिवशी कळलं.

"मास्तर, घोटाळा झाला! आज दुसरी बॅटरी भरून आली, म्हून म्या पहिल्यापासनं ऐकलं. हवामान तीन वाट्यानं सांगत्यात! आधी जमिनीचं, मग आभाळातल्या इमानाचं, मग दर्याचं. आपुन काल शेवटचा वाटा ऐकला!"

"म्हंजी?" आण्णांनी विचारलं.

"म्हंजी वारा दर्यावर हाय! आज म्होरं ऐकलं, तर म्हणतोय नावा किनाऱ्याला ओढून बांधा!"

सगळ्यांनी तेरणेकडं बघितलं. नदीला गुडघाभर पाणी, त्यात दोन म्हशी बसलेल्या. त्यांना ओढून बांधणार कोण?

"आन इमानाला बी हवामान लागतंय व्हय?" कुणीतरी विचारलं.

पण आण्णा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "सावकार, जमिनीचं काय म्हणला त्यो?"

सावकारांनी मान खाली घातली. "वारा न्हाई म्हणला. सांजच्याला पाऊस."

मी वावडीवरच होतो अजून. तिथनं मला पूर्वेचं आभाळ सगळ्यांच्या आधी दिसलं. काळं झालं होतं. आणि खाली एका घराची वर्षाची भाकरी उघड्यावर पसरलेली, माझ्या शब्दावर! 

मी उडी मारली. मग काय झालं ते नीट आठवतसुद्धा नाही. जो तो धान्य ओढत होता. पाट्या, सुपं, घोंगड्या, बायांचे पदर. मी सदरा काढला आणि त्याची झोळी करून दाणे भरायला लागलो. पहिले थेंब पडले, टपटप टपटप.

"मास्तर, ते टोक धरा!"

गौरा होती. एका हातात घोंगडीचं टोक, केस गालाला चिकटलेले. मला उद्देशून ती बोललेला पहिला शब्द, तो हा. मी दुसरं टोक धरलं. ढिगावर घोंगडी ताणून आम्ही दोघं दोन बाजूंना उभे, बाकी सगळे झाडाखाली पळालेले, आणि वरनं पाऊस कोसळतोय. मला रडू आवरेना. बरं, पावसात कुणाला कळतंय? तिला कळलं.

"रडू नका," ती म्हणाली. "बरंच वाचलंय. टोक तेवढं सोडू नका."

नाही सोडलं. पाऊस थांबेपर्यंत नाही, थांबल्यावरसुद्धा नाही. शेवटी आण्णांनी येऊन माझी बोटं उलगडली.

तरी कडेची ज्वारी भिजलीच. काळी पडली. त्या वर्षी त्यांच्या घरात भाकरी काळपट व्हायची, पण कुणी मला त्यावरनं एक शब्द ऐकवला नाही. 

दोन आठवड्यांनी खरा वारा आला, कुणाला न विचारता. उरलेली रास घरात गेली. मला वाटलं, आता नकार येणार. आण्णांनी निरोप धाडला तो सुपारीचा! बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगं चुकलं, लई चुकलं. पर आमी समदे झाडाखाली पळालो, ह्यो ढिगापाशी उभा ऱ्हायला. मला एवढं बास हाय."

मी मान वर केली नाही. करवलीच नाही.

मग जंगमस्वामींनी माघातली तिथी काढली. कुणीतरी खोडी काढली, "त्या दिशी हवा कशी ऱ्हाईल, इचारा की मास्तरांना!" सगळे हसायला लागले, आणि दाराआडनं गौराचा आवाज आला, "त्यांना 'पाऊस येणार' म्हणू द्या, आण्णा. मांडव कोरडा ऱ्हाईल!"

बैठक गडगडून हसली. मीपण हसलो, आणि मोठ्यानं जाहीर केलं, "त्या दिवशी धो धो पाऊस येणार!" त्या भरवशावर आण्णांनी मांडवाला वरनं कडब्याचं साधं ताटसुद्धा घातलं नाही.

काय सांगू तुम्हाला! भर माघात, इकडं अक्षता पडल्या आणि तिकडं आभाळ फाटलं. वऱ्हाड भिजलं, भात भिजला, स्वामी भिजले. आयुष्यात माझा एकच अंदाज खरा ठरला, तोसुद्धा खोटा ठरावा म्हणून सांगितलेला!