पेटीला शोभेल असा टीव्ही

टीव्हीच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात, थर्माकोल आणि किस्से. थर्माकोल टाकवत नाही, कारण कोणीतरी खोकं मागायला परत येईल अशी भीती असते. आणि किस्से सांगून संपवावेत म्हटलं तर ऐकणाऱ्यांतला एखादा म्हणतोच, "हे काहीच नाही, आमच्या मामानं काय केलं माहितीये?" साठा आणखी वाढतो.

मी राजारामपुरीतल्या एका दुकानात नोकरीला होतो तेव्हाचे हे किस्से. गच्च्यांवर नुकत्याच छत्र्या उगवायला लागल्या होत्या. केबलवाल्याशी भांडून दमलेली माणसं डिशची छत्री आणि तिच्यासोबतची सेट-टॉप पेटी घेत होती, आणि पेटी आलीच आहे तर टीव्हीही नवा बघू म्हणत होती. मी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी झालेलो. माझं ठाम मत होतं की पेटी आल्यावर टीव्ही निवडायची पद्धतच बदलायला हवी. चॅनेल पेटी पकडणार. टीव्हीनं फक्त नीट दाखवायचं आणि नीट ऐकवायचं. मग मागे वायरी जोडायला जागा किती, स्पीकर कसा, लाईट जाऊन आली की पेटीचं चित्र आपोआप परत लागतं का, एवढंच बघावं. हे सगळ्या कोल्हापूरला पटवून दिल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

दुकानाचे मालक आप्पा. घरी कानडी, गल्ल्यावर मराठी आणि कंपनीच्या माणसाशी हिंदी बोलायचे. त्यांची पद्धत सोपी होती. लग्नात द्यायचा असेल तर एकवीस इंची, घरात ठेवायचा असेल तर परवडेल तो.

मी त्यांच्याकडं दुकानाचा एक कोपरा मागितला. तिथं गिऱ्हाईकाला आधी घरची परिस्थिती विचारायची, पेटी कोणती, ठेवणार कुठं, बघणार कोण, आणि मगच टीव्ही दाखवायचा.

आप्पा म्हणाले, "बीएस्सी, माणूस टीव्ही घ्यायला येतंय. तोंडी परीक्षा द्यायला न्हाय."

तरी दिला कोपरा, दिवाळीपर्यंत. अट एकच. तिथून गेलेला एक जरी टीव्ही दुकानाची पायरी परत चढला, की कोपरा बंद, तिथं मिक्सर मांडायचे आणि मी बाकीच्यांसारखे इंच मोजून टीव्ही विकायचे. मी लगेच हो म्हटलं. विज्ञान माझ्या बाजूनं होतं.

०००

कोपऱ्यातलं पहिलं गिऱ्हाईक पन्हाळ्याखालच्या एका गावातल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी होते. आल्या आल्या म्हणाले, "दोनशे चॅनेलचा टीव्ही दावा."

मी त्यांना बसवलं, चहा मागवला, आणि पेटीच्या मागच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरी हातात घेऊन समजावलं. चॅनेल पेटीत बदलायचे. टीव्ही कायम एकाच जागी, ह्या वायरींचं चित्र दाखवणाऱ्या एव्हीवर. त्याला दोनशे चॅनेल येतात की दोन, तुम्हाला फरकच पडत नाही.

ते शांतपणे ऐकत होते. चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हंजे मला ह्यातला एकच लागणार."

"अगदी बरोबर," मी म्हटलं. इतक्या लवकर कोणाला पटेल असं मला वाटलं नव्हतं.

ते उठले आणि थेट गल्ल्याशी गेले. "आप्पा, साहेबांनी सांगितलंय, मला एकच चॅनेल लागतंय. बाकीचे एकशे नव्याण्णव तुमी काढून घ्या आन् तेवढं कमी करा."

आप्पांनी थोडं कमी केलं. माझ्याकडं मात्र बराच वेळ बघत राहिले.

०००

मंगळवार पेठेतल्या एका तालमीला टीव्ही घ्यायचा होता. वस्ताद स्वतः आले, सोबत एक पैलवान. मी दोन एकोणतीस इंची समोरासमोर लावले आणि चित्रातला फरक सांगायला लागलो. वस्तादांनी चित्राकडं बघितलंही नाही. पैलवानाला म्हणाले, "उचल रं."

त्यानं पहिला टीव्ही उचलला, छातीशी धरला, ठेवला. मग दुसरा.

"ह्यो भरीव हाय, वस्ताद. त्यो पोकळ वाटतोय."

पोकळ तो माझा होता. मी पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. वजनाचा आणि चित्राचा संबंध नाही, ह्याला पुढच्या बाजूलाही वायर जोडायला जागा आहे, कुस्तीच्या सीडी बघायला प्लेअर लावाल तेव्हा मागे हात घालावा लागणार नाही. मी बोलतोय, वस्ताद मान डोलवतायत, पैलवान घाम पुसतोय. शेवटी वस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांदा त्या दिवसापुरता खाली गेला.

"पोकळच बांधा."

मी खूश होऊन विचारलं, "पटलं ना, वस्ताद?"

"न्हाय. पर तुमी एवढा जीव टाकून बोलताय, तुमास्नी नाराज कशाला करायचं?"

०००

फुटबॉलवाल्या पोरांचा किस्सा छोटा आहे. पेठेतल्या मंडळाची पोरं आली, म्हणाली, टीव्हीत बॉल नीट दिसायला पाहिजे. रास्त मागणी. मी पेटी जोडली, त्यांच्या लाडक्या टीमची परदेशातली मॅच लावली. गवत गवतासारखं हिरवं, बॉल पांढरा, धावला तरी मागे शेपूट नाही. पोरं खाली सतरंजीवर बसली ती मॅच संपेपर्यंत उठली नाहीत. आप्पांनी दोनदा पंखा बंद करून बघितला.

मॅच संपली. म्होरक्या उठला, पँट झटकली.

"टीव्ही झकास हाय. पर ह्याच्यावर आपली टीम हरली. दुसरा दावा."

०००

उद्यमनगरच्या मागे राहणाऱ्या एका वहिनींचा फोन आला तेव्हा मात्र मला कोपऱ्यात मिक्सर दिसायला लागले. "तुमचा टीव्ही मधीच थांबतोय. माणूस तोंड उघडतंय ते उघडंच राहतंय. उद्या रिक्षात घालून आणून टाकते."

आणू नका, मीच येतो, म्हणून सायकल काढली.

घरात गेलो तर टीव्हीवर पेटी, पेटीवर क्रोशाचं घट्ट विणलेलं कव्हर, कव्हरवर साटीनची फुलं, फुलांत चिनी मातीचा ससा. मी कव्हराखाली हात घातला आणि भाजला म्हणून लगेच काढला. पेटी उकडून अर्धमेली झाली होती. कव्हर काढलं, दहा मिनिटांत चित्र पळायला लागलं.

मी म्हटलं, "वहिनी, ह्याला हवा लागते. उघडं ठेवा."

"उघडं?" त्यांनी मागे वळून दाराकडं बघितलं. "आन् पावणं आलं म्हंजे?"

मी वायुवीजनावर बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला मुद्दाम बोलावून नवं कव्हर दाखवलं. एवढी मोठी भोकं ठेवून विणलेलं, की मासे धरायला नेता आलं असतं. ससा जमिनीवर आला होता. टीव्ही माझ्या कोपऱ्यातलाच राहिला.

पुढं दुकानात पहिला चपटा टीव्ही आला, तेव्हा मी सगळ्यात आधी ह्याच वहिनींना बोलावलं. त्यांनी तो समोरून बघितला. मग बाजूला जाऊन बघितला. मग बोटानं त्याची जाडी मोजली.

"ह्याच्यावर पेटी कुठं बसायची?"

मी म्हटलं, "पेटी खाली ठेवायची, वहिनी. हा भिंतीला लावतात."

"मग त्यो टीव्ही न्हाय, दादा," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "कॅलेंडर हाय."

०००

त्या दिवसांत लोडशेडिंग जोरात होतं. लाईट जाऊन आली, की साधे टीव्ही एव्ही सोडून एक नंबरवर उघडायचे आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. गावाकडच्या माणसांना वाटायचं, पेटी जळाली. माझ्या कोपऱ्यातले टीव्ही मात्र लाईट आली की जिथं होते तिथंच उघडायचे. ह्या गोष्टीचा मला इतका अभिमान होता, की नुसतं सांगून माझं समाधान होईना.

नेसरीहून एक काका आले होते. तिथून एसटीनं, उभ्यानं. टीव्ही त्यांना जवळजवळ पसंत पडला होता. मी म्हटलं, "काका, आता खरी गंमत बघा," आणि दुकानाचा मेन स्विच खाली ओढला.

पंखे थांबले. आप्पांचं कॅल्क्युलेटर हातात तसंच राहिलं. मी अंधारात मनातल्या मनात क्षण मोजतोय, तोवर काकांनी चपला चाचपून घातल्या.

"हितंबी तीच बोंब व्हय?" ते म्हणाले. "मग लाईट आल्यावर येतो."

मी धावत जाऊन स्विच वर केला. टीव्ही एव्हीवरच उघडला, अगदी झोकात. बघायला फक्त आप्पा होते.

०००

दिवाळी तोंडावर आली. कोपऱ्यातून गेलेला एकही टीव्ही परत आला नव्हता. आप्पा मिक्सरचा विषय काढत नव्हते आणि मीही.

गंगावेशीतले एक काका आणि काकू मात्र मला त्या सगळ्यांत जास्त आठवतात. टीव्ही घ्यायला आले तेव्हा दोघं माझ्या दोन बाजूंना बसले. पुण्याच्या मुलानं छत्री आणि पेटी पाठवली होती, टीव्ही इकडं बघायचा होता.

काकू मला म्हणाल्या, "त्यास्नी विचारा, केवढा पायजे."

काका अगदी तिथंच बसलेले. ते मला म्हणाले, "तिला सांगा, एकवीस बास."

"त्यास्नी सांगा, आवाज मोठा पायजे. मला ऐकू कमी येतंय."

भांडण नव्हतं. आवाजात राग नव्हता. एकमेकांशी सरळ बोलायची सवयच मोडल्यासारखं होतं. सगळा व्यवहार माझ्यातून झाला. पेटीला नीट जुळेल असा, मोठ्या स्पीकरचा टीव्ही मी काढून दिला आणि दोघांनी माझ्याकडं बघूनच मान हलवली.

काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. कोपऱ्यातला टीव्ही कसा चालतोय हे घरी जाऊन बघायची माझी पद्धत होती. जिन्यातच आवाज आला.

"वाढव की आवाज."

"आधी तुमी बातम्या काढा, मग वाढवते."

"बातम्या न्हाईत त्या, हवामान हाय."

"मग कमीच बरं हाय."

आत काकांच्या हातात पेटीचा रिमोट, काकूंच्या हातात टीव्हीचा. चॅनेल ह्यांच्याकडं, आवाज त्यांच्याकडं. मला कसंसंच झालं. एका साध्या तांत्रिक उणिवेपायी दोन म्हातारी माणसं दिवसभर भांडतायत. मी पेटीच्या रिमोटमध्ये टीव्हीचा कोड भरला. आता चॅनेलही त्यातूनच, आवाजही, टीव्ही चालू-बंदही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायला सांगितला. निघताना घर एकदम शांत होतं. एका घराचं भलं केलं म्हणून मी रंकाळ्यावर जाऊन एक भेळ खाल्ली.

वसुबारसेच्या सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली. आधी काका उतरले. मग काकू. मग रिक्षावाल्यानं आणि काकांनी मिळून टीव्ही उतरवला, पेटीही, आणि पायरी चढून आत आणून ठेवला.

आप्पा गल्ल्यावरून उठले. "आला का शेवटी?"

मी पुढं झालो. "काय बिघडलंय, काका?"

"काय बी न्हाय. चांगला चालतोय."

"मग परत का आणलात?" आप्पांनी विचारलं.

काकूंनी पिशवीतून दोन्ही रिमोट काढून काउंटरवर ठेवले. "ह्या साहेबांनी सगळं ह्या एकात घातलंय. ते काढा. कशातनं काढायचं आमास्नी ठावं न्हाय, म्हणून सगळंच आणलं."

"काकू, सोय म्हणून केलं होतं मी."

"सोय हाय की. हे बसतात दाबत. आवाज बी तेच, चॅनेल बी तेच." त्यांनी पदर सावरला. "तवापासनं घरात नुसता टीव्हीच बोलतोय."

मी कोड काढून टाकला. आप्पांनी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि बघत बसले. मी दोन्ही रिमोट पुढं केले. काकांनी हात लांबवला.

"दोन्ही माझ्याकडं दे. तू हरवशील."

"हरवला तर हरवला. माझा हाय."

काकूंनी आपला रिमोट पिशवीत टाकला आणि पिशवी काखेत घट्ट धरली. मी आप्पांकडं बघितलं. मिक्सर कुठून खाली काढायचे, एवढंच विचारायचं बाकी होतं.

आप्पा म्हणाले, "टीव्हीला दुसऱ्या बाजूनं हात लाव, बीएस्सी. गिऱ्हाईकाचा माल रिक्षात ठेव. आन् ह्यो मी परत आलेला धरत न्हाय."

टीव्ही काकांच्या मांडीवर बसवला, पेटी काकूंच्या. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठनं घेऊ?

"बिंदू चौकातनं," काका म्हणाले.

"रंकाळ्यावरनं घ्या."

"अगं, लांब पडतंय की ते."

"पडू दे."

काका टीव्हीसकट थोडं सरकले. "ऐकलंस न्हवं?" ते रिक्षावाल्याला म्हणाले. "रंकाळ्यावरनं घे. आन् सावकाश."