अण्णांच्या सोबतीला टाकी

माशांची टाकी मी हौसेने आणली, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे कुणी रजेवर गेलं की कंपनीत बदली कामगार घेतात, तशी ती मी माझ्या जागी आणली होती.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर प्रेसवर होते. प्रेसने त्यांचे कान नेले. जाड आवाज थोडे कळतात, बारीक कळत नाहीत; दाराची बेल नाही, फोनवरचं बोलणं तर नाहीच. थेरगावच्या गल्लीत त्यावाचून काही अडत नव्हतं. ते दारात बसायचे आणि येणारा-जाणारा ओरडून दोन शब्द बोलून जायचा. आई गेल्यावर मीच हट्टाने त्यांना पुनावळ्याला अकराव्या मजल्यावर आणलं. इथे दारासमोर फक्त लिफ्ट आहे. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत, म्हणजे माल तपासायला आहे; सकाळी कंपनीच्या बसने जाते आणि संध्याकाळी त्याच बसने येते. मधला अख्खा दिवस अण्णा आणि चार भिंती. बसमध्ये ते रोज आठवायचं आणि रोज मी स्वतःवरच चिडायचे.

म्हणून डांगे चौकातल्या दुकानातून दीड फुटी टाकी, काळी माती, बारीक वाळू, फिल्टर आणि पाण्यात वाढणारी रोपं घेऊन आले. दुकानदाराने बजावलं होतं, आधी झाडं रुजू द्या, मासे नंतर.

झाडं लावायचं काम अण्णांनी माझ्या हातून काढून घेतलं. लांब चिमट्याने एकेक रोप मातीत खोचलं, अगदी सरळ रेषेत, दोन ओळींमध्ये सारखं अंतर सोडून. दुकानात तर नुसतं रान माजवलं होतं.

"अण्णा, हे काय शॉप फ्लोअर आहे का?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"मधी वाट नको व्हय?"

मला हसू आलं. आई गेल्यापासून घरात हसणं तसं विसरल्यातच जमा होतं. पुढचे काही आठवडे ते बिनमाशांच्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि कुठे नवं पान फुटलं ते मला संध्याकाळी दाखवायचे. मग गप्पी मासे आले.

आणि मी सुटले. हे लिहायला लाज वाटते, पण सुटले हाच खरा शब्द. आधी ओव्हरटाइम टाळण्यासाठी मी साहेबांच्या हातापाया पडायचे. आता विचारायच्या आत हो म्हणू लागले. घरी सोबत आहे ना, असं मनाला बजावलं. मैत्रिणींबरोबर कॅन्टीनमध्ये जेवावं, चार गप्पा माराव्यात, हे मला आवडत होतं. घरी पोचले की पर्समधून किल्ली निघायच्या आत अण्णा दार उघडायचे. घड्याळ बघून उठत असतील, असं मी धरून चालले.

एकदा कंपनीत लाइन बंद पडली, माल तर जायलाच हवा होता, म्हणून मी पुढच्या शिफ्टलाही थांबले. अण्णांना मेसेज टाकला. ते मेसेज बघत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या काकूंकडे निरोप देता आला असता, पण 'आजपण का गं?' हे मला ऐकायचं नव्हतं.

सकाळी दार उघडलं तर अण्णा दाराजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेले. फिल्टर बंद. सगळे गप्पी वर येऊन हवेसाठी तोंडं उघडत होते, आणि दोन तळाशी, त्या सरळ वाटेत, आडवे पडले होते. माझं डोकं फिरलं. बहिऱ्या माणसावर ओरडण्यात एक सोय असते, आवाज का चढला ते कुणी विचारत नाही.

"फिल्टर कुणी बंद केला? मेले ना मासे!"

ते दचकून उठले. टाकीकडे बघत राहिले. "म्याच केला," म्हणाले. "त्यो चालू असला की लिफ्टची घरघर कळत न्हाई. तू यायच्या टायमाला बंद करतो, तू आलीस की लावतो. काल तू आलीच न्हाईस."

त्यात तक्रार नव्हती. काय झालं ते सांगितलं, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिफ्ट संध्याकाळपासून कुणाकुणासाठी वर येत असते. म्हणजे दर घरघरीला हा माणूस उठून दारापर्यंत गेला असणार.

अपराधी वाटलं की माझ्यासारखी माणसं लगेच दुरुस्ती काढतात. मी बेलला जोडलेला एक लाल दिवा टाकीवर बसवून घेतला. बेल दाबली की तो लागतो. आता फिल्टर बंद करायची गरज नाही, असं अण्णांना हातवारे करून समजावलं. त्यांनी मान डोलावली.

परवा लिफ्टमधून बाहेर पडले, बेलकडे हात नेला, तर दार उघडं आणि अण्णा उंबऱ्यात. आत टाकी गप्प होती.

"दिवा बिघडला का?" मी ओरडून विचारलं.

"न्हाई, दिवा झ्याक हाय," ते म्हणाले. "पर त्यो तू दारात आल्यावर लागतो. लिफ्ट आधी कळती."

चप्पल काढायच्या आधी मी जाऊन फिल्टर लावला. या आठवड्यात मी ओव्हरटाइमला नाही म्हटलंय. पुढच्या आठवड्याचं साहेबांनी आज विचारलं, तेव्हा मी 'बघते' म्हणाले.